एस्तव्हेलमधली बंगाली अक्षरं

फ्रान्समधल्या लीलमध्ये रविवारी दुकानं बंद, त्यामुळे करायचं काय हा प्रश्न दर आठवड्याला. गेल्या रविवारी गाडी काढली आणि दक्षिणेला एस्तव्हेल नावाच्या खेड्यात गेलो. हा सगळा जुन्या कोळसाखाणींचा पट्टा. सपाट शेतं आणि मधूनच खाणीतल्या मातीचे काळे डोंगर. गावच्या छोट्या दफनभूमीत पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांची कबर आहे.

कलकत्त्यात 1898 साली जन्मलेला, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेला हा मुलगा. एप्रिल 1917 मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या विमानदलात, भरती झाला. म्हणजे आपल्याकडे बारावीनंतर क्लास कुठला लावायचा यावर घरात खल चालतो, त्या वयात. डिसेंबरमध्ये त्याचं एस.ई. 5ए विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर येऊन त्याने आतून दार बडवलं, असं सांगतात. खरंखोटं असो, डॉक्टरांनी पुढे त्याला उड्डाणासाठी अपात्र ठरवलं हे मात्र खरं. पठ्ठ्या सक्तीच्या विश्रांतीत विमानांची चित्रं काढत बसला आणि हट्टाने परत उडायला लागला.

जून 1918 मध्ये तो 40 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये आला. तिथे जॉर्ज मॅकएलरॉय या आयरिश वैमानिकाच्या हाताखाली तयार झाला. शत्रूची पाच विमानं पाडली की वैमानिक ‘एस’, म्हणजे अव्वल लढवय्या. याने 6 ते 19 जुलै या दोन आठवड्यांत दहा नोंदवली, त्यातली तीन एकाच दिवशी. काही इतरांबरोबर मिळून पाडलेली, पण तेव्हा हिशेब असाच धरत. 22 जुलैला जवळच्याच कार्व्हँ गावावर जर्मन फोकर विमानांशी झुंज झाली आणि त्याचं जळतं विमान खाली आलं. वय एकोणीस. डी.एफ.सी. हे शौर्यपदक सप्टेंबरमध्ये जाहीर झालं. रॉयच्या मृत्यूनंतर नऊच दिवसांनी, 31 जुलैला, मॅकएलरॉयही गेला होता.

दगडावर फ्रेंचबरोबर बंगालीही कोरलंय. देवनागरीची मावसबहीण असावी अशी ती अक्षरं. ‘म’ आणि ‘स’ ओळखल्यासारखे वाटले, म्हणून वाकून एकेका अक्षरावर बोट फिरवत वाचायचा प्रयत्न केला. जमेना. मग फोटो काढून ऑफिसातल्या बंगाली मैत्रिणीला पाठवला.

गाडीत बसलो तोच तिचा आवाज आला: “महाबीरेर समाधी, संभ्रम देखाओ...”

“संभ्रम?” मी विचारलं. “कसला संभ्रम?”

तिला माझा संभ्रम कळेना. बंगालीत संभ्रम म्हणजे आदर, हे समजायला दोन-तीन मेसेज गेले. महावीराची समाधी आहे, आदर दाखवा.

“आणि पुढची ओळ?”

“स्पर्श करू नका.”

तोवर मी अख्ख्या मजकुरावरून बोट फिरवून मोकळा झालो होतो.