जुन्या डेस्कटॉपवर पैसे घालायचे तर कुठे घालायचे

मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) कोणता आहे ते कळल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ एवढंच सांगितलंत, तर गोव्यात मडगाव असो की म्हापसा, समोरचा हाताशी असेल ती रॅम विकणार, नाहीतर नवी मशीन गळ्यात मारणार. त्याचा दोष नाही, तुम्ही त्याला दुसरं काही सांगितलंच नाही.

विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ची ओळ वाचा. मशीन चालूच होत नसेल तर कॅबिनेटची डावी बाजू काढा, रॅमच्या आणि कार्डाच्या खाचांमध्ये कुठेतरी मॉडेल छापलेलं असतं. त्यात जी४१ दिसलं तर तो कोअर २ ड्युओच्या काळातला बोर्ड. त्यावर एसएसडीपलीकडे (हार्ड डिस्कची जागा घेणारी, चिपांची वेगवान डिस्क) खर्च करू नये, आणि तीही पुढच्या मशीनमध्ये नेता येते म्हणूनच. एच६१ म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरची दुसरी-तिसरी पिढी, एच८१ म्हणजे चौथी. घराघरांत, पंचायतीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे आणि देवस्थानांच्या कार्यालयांत अजून चालणारे बहुतेक डेस्कटॉप या दोहोंतले, आणि थोड्या पैशांत सुधारण्याजोगेही हेच. एच११० असेल तर उत्तम, त्यावर बहुधा डीडीआर४, म्हणजे डीडीआर३ नंतरच्या प्रकारची रॅम असते. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर देणाऱ्या गोवा सरकारच्या सायबरएज योजनेच्या सुरुवातीच्या काळातली पेंटियमवाली मशीन कुणी माळ्यावर जपून ठेवली असेल तर ती तिथेच राहू द्या.

बजेट तंग असताना मी एकच कसोटी लावतो: ही वस्तू उद्या नव्या मशीनला लागेल का? एसएसडी, चांगला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), यूपीएस आणि मॉनिटर लागतात, म्हणून ते नवे आणि बऱ्यापैकी दर्जाचे घ्यावेत. डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर दुसरीकडे कुठेच बसत नाहीत. ते जुने, तपासून आणि स्वस्तात घ्यावेत, किंवा घेऊच नयेत.

पैसे काढण्याआधी मात्र मशीन साफ करा. गोव्यात मशीन वयापेक्षा दमटपणामुळे जास्त मरतात. जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेतल्या पिनांवर गंज धरतो, आणि किनाऱ्याजवळच्या घरांत खारं वारं त्यात भर घालतं. गणेश चवथीच्या सुमारास ‘चालू केला की नुसता बीप-बीप करतो, स्क्रीन काळी’ अशी तक्रार आली की मदरबोर्ड गेला असं लगेच धरू नका. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग रॅम काढा. पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा. सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. खोडरबराचा भुगा ब्रशने झाडा, खाचेत आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला मऊ ब्रश फिरवा, पंधरा मिनिटं सुकू द्या आणि रॅम दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवा. अशा तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात.

आतली तांबडी धूळ ब्लोअरने काढताना पंख्याच्या पात्यांना बोटाने अडवा. तो मोकळा गरगरला तर बेअरिंग खराब होतं. एसएमपीएसच्या जाळीतून मुंग्यांची रांग आत जात असेल तर तो उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. तेवढं काम तंत्रज्ञाकडून करून घ्या. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पाच-सहा वर्षांत खडूसारखी होते. जुनी पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी मधोमध ठेवावी, पसरवायची गरज नाही. इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या तिरक्या जोडीने दाबाव्यात, आणि बोर्डच्या मागून चारही आरपार आल्यात का ते बघावं. एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर तापून वेग आपोआप कमी करतो, आणि मग लोक व्हायरस शोधत बसतात. तारीख दर वेळी मागे जात असेल आणि त्यामुळे बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो.

खर्चाचा पहिला मान एसएसडीचा. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात आणि तिथे तिचा वेग एक एमबीच्या आसपास येतो. ‘डिस्क १०० टक्के’ दिसते ती यामुळेच. साधी २.५ इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची), २४० किंवा २५६ जीबी, घरच्या कामाला भरपूर. एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीच्या मोहात पडू नका. एच६१ आणि एच८१ बोर्डांचं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) सहसा तिच्यावरून बूट करत नाही. एच६१ वर साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे एसएसडीचा कागदावरचा वेग अर्धा, पण बारीक फाइलींना त्याने फारसा फरक पडत नाही. एच८१ वर चारपैकी दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, बहुधा वेगळ्या रंगाचे, त्यात लावा. डेटा केबल कमी पडली तर डीव्हीडी ड्राइव्हची काढून घ्या, तो ड्राइव्ह तसाही कुणी उघडत नाही. एसएसडीत हलणारं काही नसतं, म्हणून ब्रॅकेटचा खर्च नको, एका बाजूचे दोन स्क्रू पुरतात.

नवी विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर बूटचा भाग कधी कधी जुन्या डिस्कवर टाकतो. सहा महिन्यांनी ती डिस्क गेली की चांगल्या एसएसडीवरची विंडोजही सुरू होत नाही, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. आहे तीच विंडोज क्लोन करायची (जशीच्या तशी उतरवायची) असेल तर क्लोनझिला हा प्रोग्रॅम फुकट आहे, पण ५०० जीबीच्या डिस्कवरून २४० वर जाण्याआधी डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) आखडून घ्यावं लागतं, कारण आपसूक तो लहान डिस्क स्वीकारत नाही. बायोसमध्ये साटा जुन्या ‘आयडीई’ पद्धतीवर असेल तर ‘एएचसीआय’ करायला हवं, पण थेट बदललंत तर निळी स्क्रीन येते. आधी विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ बूट निवडा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या आणि मग सेफ बूट काढा.

जुनी डिस्क फेकू नका, पण तिच्यावर विसंबूही नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम लावून ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग’ हे दोन आकडे बघा. दोन्ही शून्य असतील तर फोटो ठेवायला ती चालेल, अर्थात दुसरी प्रत कुठेतरी असेल तर. पेंडिंग वाढतंय असं दिसलं तर त्याच दिवशी सगळं उतरवून घ्या.

आता रॅम. आधी विंडोज ३२ बिट की ६४ बिट ते बघा. ३२ बिटवर चार जीबी लावली तरी सव्वातीन-साडेतीनच्या पुढे वापरली जात नाही. आज ब्राउझर आणि एखादी एक्सेल उघडायची तर आठ जीबी हवी, सोळाची चैन या मशीनला नको. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे आणि त्यापाठोपाठ एसएसडीचे भाव चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं सगळं लक्ष एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. म्हणून जुना भाव मनात धरून दुकानात वाद घालू नका, आणि वापरलेली डीडीआर३ घेण्यात कमीपणा मानू नका. घेताना मात्र तीन सापळे लक्षात ठेवा. ऑनलाइन अगदी स्वस्त दिसणाऱ्या रॅमच्या काही कांड्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर मशीन उठतच नाही. बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. सर्व्हरची ‘रजिस्टर्ड’ रॅम दिसायला तशीच, पण साध्या डेस्कटॉपला निरुपयोगी. आणि जी४१ वर रॅम घालायचीच झाली तर चार जीबीची कांडी घेताना दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिप मोजून घ्याव्यात, आठ चिपवाली तिथे चालत नाही. शक्यतो चार-चारच्या दोन सारख्या कांड्या लावा. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर त्याला या जोडीचा उपयोग होतो. विकत घेतल्या रात्री मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपा. एकही लाल ओळ दिसली तर सकाळी कांडी परत.

प्रोसेसर बदलावा का? शक्यतो नको. पेंटियम किंवा सेलेरॉन असेल आणि वापरलेला आय५-३४७० (एच६१ साठी) किंवा आय५-४५७० (एच८१ साठी) किरकोळ भावात मिळत असेल तरच. एच६१ वर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर टाकण्याआधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करावं लागतं. आधी बदललात तर स्क्रीन काळीच राहते आणि परत जुना बसवायची वेळ येते. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच बाद, तेव्हा ते काम यूपीएसवरच, आणि पावसाळी संध्याकाळी तर नकोच. ग्राफिक्स कार्ड गेम खेळायचे नसतील तर विसरा.

एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ छापलेलं असलं म्हणून तो तेवढं देतो असं नाही. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते बघा, खरी ताकद तिथे कळते. मशीन कामाच्या मध्येच आपोआप रीस्टार्ट होत असेल, किंवा बोर्डावरच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसत असतील, तर आधी त्याचा बंदोबस्त करा. फुगलेल्या बोर्डावर नवी रॅम म्हणजे पैसे पाण्यात. एसएसडीला वीज देण्यासाठी जुन्या चार पिनी जोडाचं साटा अडॅप्टर घेताना ओतीव प्लास्टिकचं घेऊ नका, आतल्या तारा एकमेकींना टेकून ती जळतात. दाबून बसवलेल्या टोप्यांचं घ्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, म्हणजे वरचे सगळे बोर्ड बाहेर. पळवाटा आहेत, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नाही, आणि ज्या मशीनवर हिशेब आहेत तिथे तो खेळ नको. मुलांच्या अभ्यासाला, ईमेलला, बातम्यांना विंडोजऐवजी फुकटच्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून तासाभरात बसते, आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी-कोंकणी दोन्ही टंकता येतं. अडतं ते तीन ठिकाणी. हिशेबाचं टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, पत्रिका आणि अहवाल श्रीलिपी या देवनागरी टंकांच्या सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्यांना विंडोज सोडता येत नाही, आणि घरोघरी असलेला कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर बसवताना नाकी नऊ येतात. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता मिंट चालवून प्रिंटर आणि आवाज तपासा, मगच ठरवा.

उरलेले पैसे यूपीएसला. असा डेस्कटॉप ग्राफिक्स कार्डाशिवाय शंभर वॉटच्या आसपास खेचतो, तेव्हा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. काम सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळाला की झालं. घरी जुना यूपीएस पडून असेल तर बहुधा त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरीच गेलेली असते. ती बदलताना लाल तार लालवरच जाते एवढं बघायचं, आणि जुनी बॅटरी दुकानात परत द्यायची. चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत अर्थिंग नीट मिळत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, यूपीएस त्यावर उपाय नाही. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात प्लग काढताना इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही येते आणि बोर्डावरचा नेटवर्क पोर्ट जाळून जाते. पोर्ट तेवढाच गेला आणि मशीन चालतंय, तर बोर्ड बदलू नका, स्वस्तातलं यूएसबी लॅन अडॅप्टर लावून काम भागतं.