आमच्या दोघांतला आकडा

"तेव्हा तुम्ही कोणालाच काही का सांगितले नाहीत?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे एकदा सविस्तर उत्तर लिहावे असे वाटू लागले. विचारणाऱ्यांपैकी काहींच्या स्वरात काळजी असते, काहींच्या स्वरात रुसवा असतो, आणि आपल्याला इतके परके मानले गेले याची खंत तर बहुतेकांच्या स्वरात असते. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या पतीचा व्यवसाय बुडाला आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे आमची बहुतेक मिळकत कर्जाच्या हप्त्यांत जात राहिली. त्या संपूर्ण काळात मी वेळेवर नोकरीवर जात होते, आमंत्रणे आली की शक्य तेथे हजर राहत होते, आणि कोणी चौकशी केली की "छान चालले आहे" असे उत्तर देत होते.

हा मानीपणा होता असे अनेकांना वाटते. थोडा होताच, ते मी नाकारत नाही. परंतु सुरुवात मानीपणातून झाली नव्हती. कर्ज फेडण्याची ऐपत आणि चारचौघांतील मान या दोहोंसाठी आपण 'पत' हा एकच शब्द वापरतो, आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असावा असे मला आता वाटते. व्यवसाय अडचणीत असल्याची कुणकुण बाहेर गेली, त्या आठवड्यातच माल देणाऱ्यांनी उधारी बंद करून रोख रक्कम मागायला सुरुवात केली. ज्यांचे पैसे सहा महिन्यांनी द्यायचे होते तेही तगादा लावू लागले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचे पैसे बुडण्याची भीती होती. पण सावरायला जो अवधी हवा होता तो त्या बातमीनेच हिरावून घेतला. अडचण जाहीर केल्याने अडचण वाढते हा धडा आम्ही असा प्रत्यक्ष शिकलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वचन मी पूर्वी पोकळ प्रतिष्ठेला उद्देशून वापरत असे. त्या आठवड्यानंतर मला ते वेगळे ऐकू येऊ लागले, कारण मूठ झाकलेली असते तोवर निदान वेळ तरी मिळतो.

व्यवसायापुरती ही सावधगिरी समजण्यासारखी होती. मैत्रिणींपासून, नातेवाइकांपासून, सख्ख्या बहिणीपासून लपवण्याचे कारण मात्र त्यात नव्हते, आणि प्रश्न विचारणाऱ्यांचा रोख खरा तेथेच असतो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की आरंभी मला हे सारे दोन-चार महिन्यांत निस्तरेल असे वाटत होते. तेवढ्यासाठी कोणाच्या जिवाला घोर कशाला, म्हणून मी पहिल्यांदा खोटे बोलले. चार महिन्यांनी काहीच निस्तरले नव्हते, आणि आता खरे सांगायचे तर संकटाबरोबरच त्या चार महिन्यांच्या खोटेपणाचीही कबुली देणे भाग होते. जसजसे दिवस गेले तसतशी ही दुसरी कबुली पहिलीपेक्षा जड होत गेली. वर्षभरानंतर पैशांची अडचण मी कदाचित सांगू शकले असते. "मी वर्षभर तुझ्या डोळ्यांत पाहून खोटे बोलत होते" हे वाक्य मात्र मला उच्चारवत नव्हते. ज्यांनी असे काही लपवलेले नाही त्यांना ही गाठ सहसा दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम येथे मांडत आहे.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1963 मध्ये अशा माणसांचे दोन प्रकार सांगितले होते: ज्यांचे न्यून सर्वांना ठाऊक झाले आहे असे, आणि ज्यांचे न्यून अजून उघड झालेले नाही पण कोणत्याही क्षणी होऊ शकते असे. पहिल्या प्रकारच्या माणसाला समोरच्याच्या अवघडलेपणाला तोंड द्यावे लागते. दुसऱ्याला माहिती सांभाळावी लागते. 'माहिती सांभाळणे' हे माझ्या त्या दिवसांचे नेमके वर्णन आहे. एका मैत्रिणीला सहलीला न येण्याचे कारण पाठदुखी सांगितले होते, दुसरीला कामाचा ताण, आणि त्या दोघी एकमेकींना भेटणार असे कळले की माझ्या पोटात गोळा येत असे. वसुलीचे फोन येत, म्हणून फोन सदैव मुका ठेवलेला असे. सगळ्यांनी मिळून कोणाला काही भेट द्यायचे ठरले की माझ्या वाट्याची रक्कम मी सर्वांत आधी देत असे, आणि मग महिनाअखेरीपर्यंत ती कोठून भरून काढायची याचा हिशेब करत बसे. आधी देण्याचे कारण एवढेच, की उशीर झालेल्या माणसाकडे लोकांचे लक्ष जाते.

तरीही एक गोष्ट मला कबूल करायची आहे, कारण ती वगळली तर उत्तर अर्धवट राहील. नोकरीच्या ठिकाणचे ते आठ-नऊ तास मला हवेसे वाटत. तेथे मी कर्जबाजारी घरातली बाई नव्हते. तेथे मी कामात चोख असणारी, इतरांना सल्ला देणारी, पूर्वीचीच मी होते. खरे सांगून टाकले असते तर ती जागाही गेली असती. तेथेही आवाज हळू करून माझी विचारपूस झाली असती, माझ्यासमोर खर्चाचे विषय टाळले गेले असते, आणि माझी एखादी साधी चूकसुद्धा "तिच्या घरी सध्या असे आहे ना" या वाक्याखाली क्षमा केली गेली असती. तिरस्काराची मला फारशी भीती नव्हती, पण ही क्षमा सोसवली नसती. जे लोक मुखवटा म्हटला की लगेच ढोंग म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे: कधीकधी त्या मुखवट्याआड माणूस स्वतःचा उरलासुरला भाग जपत असतो.

किंमत अर्थातच मोजावी लागली, परंतु मी समजत होते त्या ठिकाणी नाही. लोकांसमोर हसणे हे सर्वांत अवघड काम असेल असे मला वाटे. प्रत्यक्षात त्याची सवय होऊन गेली. अवघड होते ते एकटीने केलेले प्रवास, अंघोळीची वेळ, रात्री दोन वाजता आलेली जाग. मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुपितांवरील संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात हेच आढळले आहे: कोणासमोर तरी गुपित लपवण्याची वेळ जितक्यांदा येते त्याहून कितीतरी अधिक वेळा मन आपणहून त्या गुपिताकडे वळते, आणि माणसाच्या स्वास्थ्याशी अधिक निगडित असते ते हे वळणे. हे वाचले तेव्हा मला विलक्षण हायसे वाटले. तीन वर्षे मी ज्या थकव्याला स्वतःचा दुबळेपणा समजत होते, तो पुष्कळांना येतो हे कळले.

आणि थकवा माझ्यापुरता राहिला नव्हता. माझी धाकटी बहीण त्या काळात एकदा म्हणाली, "ताई, हल्ली तुझ्याशी बोलून झाले की मला उगाचच दमल्यासारखे होते." मला तिचा राग आला, कारण मी तिच्यासमोर किती प्रयत्नपूर्वक आनंदी राहत होते हे मलाच ठाऊक होते. एमिली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना एक क्लेशदायक चित्रफीत दाखवून तिच्याविषयी बोलायला सांगितले होते, आणि काही जोड्यांतील एकीला आपल्या भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याची गुप्त सूचना दिलेली होती. त्या वेळी जिला या सूचनेची कल्पनाही नव्हती त्या दुसऱ्या स्त्रीचा रक्तदाब वाढलेला आढळला. माझ्या बहिणीला माझ्या घरातले काहीही ठाऊक नव्हते, तरी तिच्या शरीराला काहीतरी कळत होते, असे मी आता मानते.

सत्य अखेर बाहेर आले ते माझ्या धैर्यामुळे नव्हे. वसुलीसाठी एक मनुष्य थेट माझ्या कामाच्या ठिकाणी आला, आणि अर्ध्या तासात सर्वांना सर्व कळले. त्या संध्याकाळी एक सहकारी स्त्री माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या घरीही गेली दोन वर्षे जवळपास हीच परिस्थिती होती. आम्ही शेजारशेजारी बसून काम करत होतो, एकमेकींना रोज "छान चालले आहे" असे सांगत होतो. ती म्हणाली, "तुमच्याकडे पाहून मला रोज वाटायचे, यांचे सगळे किती सुरळीत आहे, मलाच संसार सांभाळता येत नाही." माझ्या चेहऱ्याने दोन वर्षे तिला हेच सांगितले होते.

तिच्या या वाक्याची बोच अजून गेलेली नाही. अलेक्झांडर जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले की इतरांच्या वाट्याला येणारे दुःख माणसे प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात, अगदी जवळच्या मित्रांच्या बाबतीतही. याचे एक कारण उघड आहे, ते म्हणजे बरेचसे दुःख एकांतात भोगले जाते आणि चारचौघांत दाबले जाते. ज्यांना इतरांचे दुःख अधिक कमी वाटत होते ती माणसे अधिक एकाकी असल्याचेही त्यांना आढळले. लपवणे ही माझी खासगी बाब आहे, त्याचा त्रास मलाच होतो, एवढा एक दिलासा मी स्वतःला देत आले होते. तो दिलासा त्या संध्याकाळी संपला.

म्हणून सर्वांनी सर्वांना सर्व सांगावे, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या हाती आपली नोकरी, आपली उधारी किंवा आपल्या मुलांची सुरक्षितता आहे त्यांना काय सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि बाहेरून धैर्याचे उपदेश करू नयेत. मात्र जाता जाता, उत्तरासाठी न थांबता "कसे काय, बरे ना?" असे विचारणाऱ्यांना, नंतर "सांगितले का नाहीत" असे विचारण्याचा अधिकार थोडा कमी पोहोचतो, हे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. त्या तीन वर्षांत मला खरोखर थांबून विचारणारी दोन माणसे भेटली. दोघांनाही मी खोटेच सांगितले, आणि त्यांची मी ऋणी आहे.

बहिणीला मी त्याच रात्री फोन केला. ती रागावेल, रडेल, मला का सांगितले नाहीस म्हणेल, या सर्वांची तयारी करून मी बोलायला सुरुवात केली होती. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एवढेच विचारले, "ताई, अजून किती फेडायचे आहेत?" मी आकडा सांगितला. नवरा-बायकोंच्या बाहेर तो आकडा तेव्हा प्रथमच मोठ्याने उच्चारला गेला, आणि ती म्हणाली, "थांब, मी लिहून घेते."