महेश्वरचा मुक्काम: नर्मदेत नाव घालणाऱ्यांसाठी

मोरटक्क्याच्या पुलाखाली नाव पाण्यात घातली त्याला चार दिवस झाले होते. पाचवा दिवस महेश्वरला थांबायचं हे दादानं, म्हणजे माझ्या मामेभावानं, इंदूरहून निघतानाच ठरवलं होतं. मला ते अजिबात पटलं नव्हतं. बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत जायचं, सुट्टी मोजकी, त्यात एक अख्खा दिवस बसून कशाला घालवायचा, म्हणून मी राजेंद्रनगरच्या घरी नकाशा पसरून त्याच्याशी भांडले होते. महेश्वरला उजाडलं तेव्हा माझ्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी आलेला फोड फुटून त्यात बारीक वाळू बसली होती, आणि हात डोक्याच्या वर जाईना. दादा काही बोलला नाही. मुक्कामाच्या जागेवरून गरम पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि स्वतः माझा हात धुऊन दिला.

तर पहिली गोष्ट ही. फोड सुईनं फोडू नका, पण फुटलाच तर धुऊन स्वच्छ पट्टी बांधा आणि दिवसभर हात कोरडा ठेवा. पाण्यावर असताना हे जमत नाही, हात सतत ओलाच राहतो. एका कोरड्या दिवसानं माझा तळवा इतका सावरला की पुढचे दिवस वल्हं धरता आलं.

दुसरी गोष्ट नावेची. आदल्या संध्याकाळी आम्ही ती घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर ओढून ठेवली होती. सकाळी पाहतो तर ती तरंगत होती, नुसत्या दोरीवर! वर ओंकारेश्वरला 520 मेगावॅटचं वीजघर आहे. तिथून जसं पाणी सुटतं तसं खाली चढतं आणि उतरतं, आभाळात ढग नसला तरी. नाव किमान सात-आठ पायऱ्या वर घ्या, दोरी दोन ठिकाणी बांधा आणि सामान रात्री नावेत ठेवू नका. आमची पिठाची पिशवी नावेतच राहिली होती, तोंड नीट गुंडाळलेलं नव्हतं. सगळं पीठ भिजलं. ते बाजारातून नव्यानं घेतलं.

महेश्वरच्या आधी मंडलेश्वरजवळ नदीवर धरणाचं बांधकाम आहे. त्यातून नाव नेण्याचा विचारही करू नका. अलीकडेच काठाला लागा, गावातून पिकअप मिळते, तिच्यात नाव घालून मंडलेश्वरच्या घाटावर उतरा. आमचा यात अर्धा दिवस गेला. तिथे जवळच जलूद आहे. 1978 पासून आम्हा इंदूरकरांच्या नळाला येणारं पाणी तिथूनच उपसून, डोंगराचा घाट चढवून, सत्तर किलोमीटर वर आणतात. लहानपणापासून ‘आज नर्मदा आली का?’ हे घरात ऐकत आलेल्या माणसाला तिथून नावेनं जाताना काय वाटतं, ते मला नीट सांगता येणार नाही. मी वल्हं आडवं ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

सकाळी बाजारात पोहे खाल्ले, वर शेव आणि जिरावन मसाला. दुपारी एका घरगुती खाणावळीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली, निमाडात, म्हणजे या भागात, तिला अमाडी म्हणतात. चार दिवस खिचडीवर काढलेल्या जिभेला ती आंबट भाजी अशी लागली की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पिण्याचं पाणी इथेच जारनं भरून घ्या. नदीचं थेट पिऊ नका, श्रद्धा असली तरी उकळून प्या. कपडे धुवायचे तर मुक्कामाच्या जागी धुवा, घाटावर साबण लावू नका. तिथे लोक आचमन करतात.

घाटावरच विठोजी होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. यशवंतरावांचा हा भाऊ, 1801 साली पुण्यात हत्तीच्या पायी दिला गेला. दगडावरची हत्तींची रांग जरूर पाहा. अहिल्याबाईंचा वाडा वर किल्ल्यात आहे. 1795 साली त्यांनी देह ठेवला तो इथेच. वाड्यातली गादी साधी पांढरी आहे. मी तिथे फार वेळ थांबले नाही, पण उतरताना हातमागांच्या आवाजानं थांबवलं. विणकर ताई काठ विणत होत्या, लहरीचा. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, आणि काठावर एकामागून एक चढत जाणारी बारीक नागमोडी रेघ. ‘ही मैय्याची लाट,’ त्या म्हणाल्या. पलटून दाखवलं तर उलट्या बाजूनंही काठ तसाच. चार दिवस नावेच्या टोकाशी जी लाट पाहत होते तीच त्या बोटांखालून निघत होती. आईसाठी एक साडी घेतली आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून कोरड्या बॅगेत सगळ्यात आत ठेवली.

संध्याकाळी घाटावर साताऱ्याकडच्या एक परिक्रमावासी आजी भेटल्या. ‘काय गं पोरी, नावेतून परिक्रमा करताय?’ मी म्हटलं, नाही आजी, आम्ही नुसतं खाली चाललोय. त्या हसल्या. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, म्हणून त्यांनी नावेत पाऊल ठेवलं नाही, नुसता नावेच्या कडेला हात लावून तो कपाळाला नेला. एवढं ध्यानात ठेवा: परिक्रमावासींना ‘पलीकडे सोडू का’ असं प्रेमानंही विचारू नका.

आता मुख्य सांगायचं ते. महेश्वरच्या थोडं खाली सहस्रधारा आहे. काळ्या खडकांतून नदी असंख्य धारांत फुटते. सहस्रार्जुनानं हजार हातांनी नर्मदा अडवली ती इथेच, अशी कथा आहे. 2023 साली खेलो इंडियाच्या कॅनू स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातून नाव काढण्याच्या, स्पर्धा इथे झाल्या, त्याचे व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं आपणही जाऊ. त्या खेळाडूंच्या नावा आखूड, वरून बंद, डोक्याला हेल्मेट. आपली नाव लांब, उघडी आणि आठवड्याच्या सामानानं भरलेली. थांबलेल्या दिवशी रिक्षानं जलकोटीपर्यंत जा आणि काठानं चालत सगळा पट्टा पाहा. आम्ही सकाळी पाहिला तेव्हा डावीकडची एक धार सोपी वाटली होती. मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. चार वाजता पुन्हा गेलो तर पाणी उतरलं होतं आणि त्याच धारेच्या मधोमध सुरीसारखी कड वर आली होती. न थांबता सरळ आलो असतो तर त्याच धारेत नाव घातली असती, आणि मी पुढे बसते.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. घाटावरच्या नावाड्याला कुठे जाणार, कधी पोहोचणार ते सांगून ठेवलं. तुम्हीही सांगा. सहस्रधारेच्या बऱ्याच वर काठाला लागलो, आधी सामान, मग नाव, असं दोन खेपांत खडकांवरून वाहून खाली नेलं. अडीच तास लागले. खडक शेवाळलेले असतात, चपलेनं जमत नाही, जुने बूट घाला. पुढे सरदार सरोवराच्या फुगवट्यात मगरी आहेत, तिथे तंबू पाण्यापासून लांब आणि उंचावर ठोका. ज्यांना मधेच सोडायचं असेल त्यांच्यासाठी खलघाट बरा. आग्रा-मुंबई रस्त्याचा पूल तिथेच आहे, धामनोदमार्गे इंदूरची बस मिळते. आम्ही पुलाखालून गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि माझी मूठ पूर्ण वळत होती.