पॉट्सडॅम परिषद आणि एक ना हरकत दाखला: माझा अनुभव

बारावीच्या मुलांकडून १९४५ ची पॉट्सडॅम परिषद, म्हणजे जर्मनीच्या पराभवानंतर अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाच्या नेत्यांची झालेली बैठक, नाट्यरूपात करून घ्यायची ठरवली. भूमिका, भाषणं, पोशाख, सगळं पटापट जमलं. अडलं ते सभागृहापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

अर्जात तीन देशांचे झेंडे लावणार असं लिहिलं होतं. कारकुनाने त्या ओळीवर पेन टेकवलं. "सर, परदेशी झेंडे म्हणजे पोलिसांचा ना हरकत दाखला हवा." पोलीस स्थानकात गेलो तर, "आधी तारीख पक्की झाल्याचं पत्र आणा." परत सभागृहाकडे आलो, तर दाखल्याशिवाय तारीख मिळेना. त्यात सोव्हिएत झेंड्यावरून नवा प्रश्न निघाला: ह्या देशाची परवानगी कोण देणार? तो देश १९९१ मध्येच संपला, हे पाठ्यपुस्तक उघडून दाखवलं. उत्तर आलं, "साहेब रजेवर आहेत, फाल्यां येयात", म्हणजे उद्या या. इकडे मुलं रोज विचारायची, सर, तारीख कधी?

शेवटी तिथल्याच हेडक्लार्क बाईंनी अनामत भरून घेतली आणि दोन ओळींचं पत्र दिलं: दाखल्याच्या अधीन राहून तारीख राखून ठेवली आहे. त्याच दुपारी पोलिसांचा शिक्का मिळाला. हे पत्र पहिल्या दिवशीच देता आलं असतं! म्हणून सांगतो, तात्पुरतं आरक्षण लेखी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

टेबलाचं राहिलंच. बर्लिन ढिगाऱ्यात गेलं होतं म्हणून परिषद शेजारच्या पॉट्सडॅमला, सेसिलिएनहोफ महालात झाली. त्या शहरावरही एप्रिलमध्येच बॉम्ब पडले होते. तीन मीटर व्यासाचं गोल टेबल मॉस्कोहून आणावं लागलं. आमच्या म्हार्दोळच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, प्लायवूडचे दोन अर्धगोल करून जोडले. सभागृहाच्या दाराची रुंदी आधी मोजून घ्या. उद्ध्वस्त मुलुखात अशी बैठक भरवायला किती हात लागले असतील, हे मुलांना ते टेबल उचलतानाच कळलं. मला हवं होतं ते हेच.

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते अ‍ॅटली यांच्या भूमिकेसाठीही कुणी पहिल्यापासून तयार ठेवा. २६ जुलैला ब्रिटनमधल्या निवडणुकीचा निकाल लागला आणि पंतप्रधान चर्चिल यांच्या जागी परिषदेत अ‍ॅटली आले. अ‍ॅटली झालेली आमची विद्यार्थिनी हा बदल झाल्यावर इतकी ठाम बोलली की मागचे पालक उठून उभे राहिले.

अनामत अजून परत मिळालेली नाही. पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका.