६३ मिलिमीटरचा पाइप : आमची वाटचाल

"गाडी बिघडल्या व्हय रं? सरळ जाईना झाल्या."

रिमोटच्या गाड्यांच्या आमच्या धंद्याबद्दल आप्पा बोललेलं हे पहिलं वाक्य. डिसेंबर २०१२. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये दोन लेथच्या मधल्या कोब्यावर मी एक हातभर लांबीची गाडी रिमोटवर फिरवत होतो. गाडीचं नाक एकीकडे, जायची दिशा दुसरीकडे, शेपूट सगळीकडे. तीस वर्षं पंपाचे शाफ्ट अचूक सेंटरवर फिरवून दिलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं. मी सांगितलं, ही अशीच जायला पाहिजे, याला ड्रिफ्ट म्हणतात. आप्पांनी चहा संपवला आणि विचारलं, "आणि ह्याला पैसे किती दिलास?" मी आकडा निम्मा करून सांगितला. तेवढाही त्यांना झेपला नाही.

त्या वर्षी मी भोसरीत नोकरीला होतो आणि कंपनीनं तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला नागोयाला पाठवलं होतं. तिथं एका हॉबी शॉपच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी गेलो. पन्नाशीतली नोकरदार माणसं, अंगात ऑफिसचाच शर्ट, गळ्यातली टाय खिशात कोंबलेली, आणि खाली गुळगुळीत फरशीवर चार-चार गाड्या एकमेकींपासून बोटभर अंतर राखून आडव्या वाहत चाललेल्या. आरडाओरडा नाही. टायरचा फक्त सर्रर्र असा आवाज. रबर नाहीच, टायर कडक प्लास्टिकचे. मी दोन तास उभा होतो. येताना तामियाचा टीटी-०१डी हा किट आणि एक चार्जर घेऊन आलो.

चार्जर कोल्हापुरात पहिल्याच दिवशी गेला. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. मी इंजिनिअर. पुढचं लिहीत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रिफ्टिंग जपानच्या घाटरस्त्यांवर आणि ट्रॅकवर वाढलं. केइची त्सुचिया या ड्रायव्हरनं आणि त्याच्या टोयोटा एई८६ नं ते गाजवलं, आणि २००१ पासून डी-वन ग्रांप्री ही त्याची रीतसर मालिकाच सुरू झाली. यात सगळ्यात आधी पोचणाऱ्याला बक्षीस नसतं. गाडी किती आडवी झाली, कुठल्या रेषेतून गेली, पुढच्या गाडीला किती चिकटून राहिली, यावर गुण. रिमोटच्या गाड्यांतही तेच. बहुतेक गाड्या एकास दहा मापाच्या, बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, रंग आतून मारायचा म्हणजे घासटलं तरी बाहेरून चकाकी राहते. खऱ्या गाडीत ताकदीनं पकड तोडतात. आमच्यात मुळात पकडच नसते. त्यामुळे सगळा खेळ टायर आणि जमीन या दोघांतला. मोटर नंतर.

हे कळायला मला चार वर्षं लागली. आप्पांना आठवडा पुरला.

झालं असं की शेडच्या कोब्यावर ते जपानी टायर महिन्याभरात एका बाजूनं झिजून गेले. नवा सेट मागवायचा तर टायरपेक्षा टपाल महाग. परदेशातले हौशी लोक प्लंबिंगचा पाइप कापून चाकावर चढवतात हे मी वाचलं होतं. आपल्याकडे शेतीचा दोन इंची म्हणून जो पीव्हीसी पाइप मिळतो त्याचा बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटर. आमच्या टायरचाही जवळपास तेवढाच. मी हॅकसॉनं चार रिंगा कापल्या, कडा वाकड्यातिकड्या, आणि चढवून गाडी सोडली. गाडी लंगडणाऱ्या कोंबडीसारखी पळाली.

आप्पा उठले. माझ्या हातातून रिंग घेतली, डोळ्यासमोर धरून फिरवली आणि म्हणाले, "पाइप गोल असतोय हे कुणी सांगितलं तुला?"

पातळ पाइप लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, आवळला की तीन जबड्यांखाली दबतो आणि आहे त्याहून वाकडा होतो. म्हणून त्यांनी आधी बाभळीच्या लाकडाचा एक मँड्रेल वळला, पाइपच्या आत घट्ट बसेल असा. त्यावर पाइप ठोकून चढवला, टूलला नवी धार दिली आणि वरून अगदी हलका एक कट घेतला. पांढऱ्या शेवयांसारखी लांबच लांब कीस सुटली. मग पार्टिंग टूलनं २६ मिलिमीटरवर रिंग कापली, आणि सगळ्यात शेवटी, लेथ चालू असतानाच, बारीक कानशीनं दोन्ही कडांना गोलाई दिली. ही गोलाई का, ते मला तेव्हा कळलं नाही. कड धारदार राहिली तर ती फरशीच्या सांध्यात अडकते आणि गाडी मध्येच उसळी घेते. रिम ५२ मिलिमीटरचा, पाइप आतून मोठा. मधली फट सायकलच्या ट्यूबच्या पट्टीचे वेढे देऊन भरली. गाडी सोडली. सर्रर्र. नागोयाचाच आवाज.

मग त्यांना नादच लागला. कोल्हापुरात नाद लागला की माणूस कामाचा राहत नाही असं म्हणतात, आमच्याकडे उलट झालं. तुषार सिंचनाचा काळा एचडीपीई पाइप आणून बघितला, तो पीव्हीसीपेक्षा जास्त घसरतो. शहाबादी फरशीवर एक चांगला, डांबरावर दुसरा, मोझेकवर तिसराच. आप्पांनी पंपाच्या जॉबची जुनी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून नोंदी चालू केल्या. ती वही आजही गल्ल्यात आहे.

पुण्या-मुंबईतल्या पाच-सहा मुलांना मी फुकट सेट पाठवले. त्यातल्या एकानं बेंगळुरूच्या मित्राला दिले. महिन्याभरात फोन आला, "दादा, वीस सेट पाहिजेत, बिल देता का?" बिलबुक नव्हतं. आप्पांच्या वर्कशॉपच्या बिलावर 'पी.व्ही.सी. रिंग, टर्निंग जॉब' असं लिहून दिलं. धंद्याची सुरुवात हीच.

२०१६ मध्ये नोकरी सोडली आणि शेडचा पुढचा भाग पत्र्यानं वेगळा करून दुकान टाकलं. टायर विकून पोट भरत नाही म्हणून गाड्या ठेवल्या: योकोमो, तैवानची एमएसटी, हाँगकाँगच्या थ्री-रेसिंगची साकुरा. आणि इथं मी पहिली मोठी चूक केली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "स्पीड किती?" आणि मी त्याला स्पीड विकायचो. जास्त दमाची मोटर, वरचा स्पीड कंट्रोलर. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि परत यायचं नाही. वर्षाअखेरीला मी एकेकाला फोन केले. बहुतेक गाड्या कपाटावर. "जमेना हो ती, नुसती गोल फिरते." चाळीस हजारांच्या पुढची वस्तू आणि नुसती गोल फिरते! त्यांना हौसेतून उठवलं ते मीच.

तेव्हापासून दुकानात वेगळा रिवाज आहे. नवा माणूस आला की पहिला प्रश्न आमचा: चालवणार कुठं? गच्ची, पार्किंग, हॉल? जमिनीचा फोटो मागतो. आधी जमीन, मग टायर, मग गाडी. मोटर साधी. आता बहुतेक गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि त्यांना जायरो लागतो. हा काडेपेटीहून लहान डबा गाडी किती वेगानं वळते आहे ते ओळखतो आणि शेपूट सुटलं की पुढची चाकं उलट्या दिशेला आपोआप वळवतो. माणसाच्या बोटांना ते इतक्या लवकर जमत नाही. काही जुनी मंडळी याला लबाडी म्हणतात. त्यांनी एकदा जायरो काढून दोन चक्कर मारून दाखवाव्यात, चहा आमच्याकडून.

जायरो उलटा लागला असेल तर गाडी क्षणात गरकन फिरते, आणि 'नुसती गोल फिरते'वाल्या तक्रारींतल्या निदान अर्ध्या याच होत्या. तपासायला दहा सेकंद लागतात. गाडी हातात उचला, नाक झटकन डावीकडे फिरवा. चाकं उजवीकडे वळली पाहिजेत. डावीकडे वळली तर जायरोचं बटण उलटं करा. मग त्याचा जोर वाढवत न्या. चाकं थरथरायला लागली की थोडा मागे घ्या. बस. पुढचा महिना एका प्लास्टिकच्या कोनाभोवती गोल. दोन्ही बाजूंनी. उजव्या हाताच्या माणसाला एक बाजू पटकन जमते आणि तो तीच फिरवत बसतो, म्हणून आम्ही दुसरी बाजू आधी करायला लावतो. ती जमली की दोन कोन आणि इंग्रजी आठ. आठ जमला त्याला आम्ही पार्टी मागतो.

पण हे सगळं करायचं कुठं? कोल्हापूरचा पाऊस जूनला बसतो तो हलत नाही. शेडमध्ये दोन गाड्या फिरल्या की तिसरी लेथखाली. उपाय आमच्या मातोश्रींनी काढला. "चातुर्मासात कार्यालयं मोकळीच असतात की." खरंच की! मुहूर्त नाहीत, लग्नं नाहीत, मालक हॉल झाडून घेण्यापुरता उघडतात. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना भेटलो. त्यांना वाटलं पोरं मोटारसायकली आणणार. गाडी दाखवल्यावर हसले आणि रविवारच्या चार तासांना विजेपुरते पैसे घेऊन हॉल दिला. जुना, वर्षानुवर्षांच्या पंगतींनी घासून तुकतुकीत झालेला कोबा. लाइट फिटिंगचा पाइप वाकवून ट्रॅकच्या कडा केल्या. वरात जिथून येते तिथं स्टार्ट, नवरा-नवरीच्या स्टेजवर परीक्षक. पहिल्या रविवारी नऊ जण आले, पाचव्या रविवारी एकतीस. सांगलीहून एक ताई मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा कंटाळला, ताईंनी गाडी घेतली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शाहूपुरीत शिरली. आमचं भाड्याचं गोडाऊन तिथंच, सखल भागात. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर बॉड्यांचे बॉक्स फुगून फुटलेले आणि पारदर्शक बॉड्या आढ्याला जाऊन चिखलासकट रॅकच्या वरच्या कप्प्यात बसलेल्या, जणू कुणी नीट मांडून ठेवल्यात. त्या धुऊन विकल्या गेल्या. सर्वो (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरी), कंट्रोलर, रिमोट सगळे गेले. गावात माणसांची घरं गेली होती, आमचं रडगाणं कुणाला सांगणार? गोडाऊन सोडलं आणि माल शेडच्या माळ्यावर आणला.

पाठोपाठ २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. मुलांना निकस प्लास्टिक मिळू नये म्हणून ते झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमची गाडी खेळणं की नाही, यावर आमचं एक पार्सल सात आठवडे अडकलं. किटच्या खोक्यावर '१४ वर्षांवरील' छापलेलं होतं, मी फोटो पाठवत राहिलो, समोरून दर वेळी नवा माणूस नवा कागद मागायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला वायरलेसची मंजुरी वेगळी. लिथियम बॅटरीला विमानाचे नियम वेगळे. पार्सल सुटलं तेव्हा नफा नव्हता, पण मी एक शिकलो: जे उद्यमनगरात होतं ते बाहेरून आणायचं नाही. आज टायर, अॅल्युमिनियमचे स्पेसर, चाकाचे हब, वजनाचे पितळी तुकडे सगळं इथंच होतं. पितळ कुठल्या गल्लीत स्वस्त ते सांगणार नाही.

बॅटरीबद्दल मात्र लिहितोच. दोन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्ट. पूर्ण भरली की सेलला ४.२, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास. आमच्या एका पोरानं भरलेली बॅटरी उन्हाळाभर तशीच ड्रॉवरमध्ये ठेवली, ती पुरीसारखी टम्म फुगली. ती पोराच्या आईनं स्वयंपाकघरातल्या चिमट्यात धरून दुकानात आणून दिली. तेव्हापासून बॅटरीच्या प्रत्येक बिलावर मी हातानं लिहितो: फुगली तर टोचू नका, चार्ज करू नका, आम्हाला आणून द्या.

दुकानात आता आम्ही चौघं. आप्पा पंचाहत्तरीचे आहेत, पंपाची कामं सोडली, रिंगा सोडल्या नाहीत. त्यांनी स्वतः गाडी कधी चालवली नाही. "आपलं काम गोल करायचं, आडवं जायचं तुमचं."

सध्याचं संकट असं की कार्यालयाच्या मालकांनी दिवाळीनंतर कोबा काढून व्हिट्रिफाइड टाइल्स घालायचं ठरवलंय. मी त्यांच्या हातापाया पडायला गेलो, ते टाइल्सचा अॅडव्हान्स देऊन बसले होते. आप्पांनी त्यांच्याकडून नमुन्याची एक टाइल मागून घेतली आणि लेथशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. काल तिच्यावर काळी एचडीपीईची रिंग घासून बघितली. फारच घसरते. पीव्हीसी थोडी बरी. आज सकाळी मी यायच्या आधीच लेथ चालू होता आणि चकमध्ये कुठलासा निळा पाइप होता. कुठून आणला विचारलं तर उत्तर नाही. वहीत नवं पान काढलेलं आहे, वर फक्त 'टाइल' एवढंच लिहिलंय.