वेग, घड्याळ आणि इंजेक्शन

साताऱ्यात शाहू क्रीडा संकुलावर सकाळी भरतीची पोरं आणि शाळेची पोरं एकाच मैदानात पळत असतात. कडेला उभे असलेले पालक, कधी पीटीचे सर, एक प्रश्न हमखास विचारतात. पोरगा शंभर मीटर चांगला पळतोय, पण वर गेल्यावर सगळेच काहीतरी घेतात म्हणे. मग न घेता पोचता येतं का, की हे सगळं जन्मजातच असतं? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

जन्मजात भाग मोठा आहे. स्नायूंमध्ये जलद आणि सावकाश आकसणारे तंतू असतात, आणि त्यांचं प्रमाण बरंचसं आईबापांकडून येतं. सरावाने जलद तंतूंच्या दोन प्रकारांत थोडी अदलाबदल होते, पण सावकाश तंतूचा जलद तंतू सहसा होत नाही. उसेन बोल्ट 2002 मध्ये किंग्स्टनला जागतिक ज्युनियर स्पर्धेत 200 मीटर 20.61 सेकंदांत जिंकला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. असं पोर सरावाने घडवता येत नाही. म्हणून थुंकी तपासून 'वेगाचा जीन' सांगणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. त्या जीनमुळे बनणारं अल्फा-अ‍ॅक्टिनिन-3 हे प्रथिन जगात पाचातल्या साधारण चौघांच्या अंगात असतंच. ते नसलेला अव्वल स्प्रिंटर क्वचित सापडतो हे खरं, पण असलेल्यांत तुमच्या गल्लीतली निम्म्याहून जास्त माणसं येतात.

शिवाय जन्मजात काय आहे ते दिसायला वेळ लागतो. 14 वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत मिसरूड फुटलेला पोरगा सगळ्यांना मागे टाकतो. सतराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात. घरच्यांना वाटतं, पोरगा मंदावला. तो मंदावलेला नसतो, बाकीचे वाढलेले असतात.

आता सराव. आपला जिल्हा लांब पल्ल्याचा. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाल्या, आणि हिल मॅरेथॉनला दरवर्षी यवतेश्वरचा घाट माणसांनी भरतो. त्यामुळे पळणं म्हणजे दमणं, हे इथे डोक्यात पक्कं बसलंय. भरतीत 1600 मीटर आणि 100 मीटर दोन्ही असल्याने अकॅडमीत आधी पाच किलोमीटर पळवतात आणि मग एकेक मिनिटाच्या विश्रांतीवर दहा वेळा शंभर मीटर. 1600 साठी याचा थोडा उपयोग होईल. शंभरसाठी हे नुकसानीचं आहे, कारण दमलेला पाय हळू पळायला शिकतो.

वेगाचं मूळ पाय भराभर हलवण्यात नाही. हवेतून पाय पुढे आणायला तुमच्या पोराला आणि बोल्टला लागणाऱ्या वेळेत फारसा फरक नसतो. फरक जमिनीवर आहे. अव्वल धावपटूचा पाय सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतका वेळ टेकतो आणि तेवढ्यात अंगाच्या वजनाच्या कित्येक पट जोर लावतो. हा जोर ताज्या अंगानेच शिकता येतो. म्हणून धाव छोटी आणि विश्रांती मोठी: दर दहा मीटरला एक मिनिट. 30 मीटर पळाल्यावर तीन मिनिटं, 60 मीटरनंतर सहा. एका दिवशी सगळं मिळून 250 ते 300 मीटर, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. 30 मीटरची वेळ 4.20 वरून 4.35 वर गेली की त्या दिवसाचं वेगाचं काम बंद. पालकांना वाटतं, पोरगा नुसता बसून आहे. तो बसलाय म्हणूनच पुढची धाव खरी होते.

घाटाचा उपयोग करायचा तर सौम्य चढावर 25-30 मीटर. उतारावर डांबरी रस्त्याने जोरात पळवलं की नडगी दुखायला लागते आणि मांडीमागचा स्नायू जातो. तो स्नायू बहुतेक वेळा पाय पुढे झेपावताना, त्याला लगाम घालतानाच फाटतो. म्हणून त्याला तेच काम शिकवायचं. गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने टाचा घट्ट धरायच्या, आणि अंग ताठ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे पडत जायचं. पाच-पाचचे दोन सेट, आठवड्यातून दोनदा. स्टार्टिंग ब्लॉकसाठी, म्हणजे धाव सुरू करताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांसाठी, सुरुवातीला एवढं पुरे: पुढचा ब्लॉक रेषेपासून स्वतःच्या दोन पावलांच्या लांबीवर, मागचा तीन.

यापुढचा भाग फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच सुरू होतो. तो म्हणजे स्टॉपवॉच. तालुक्याच्या मैदानावर क्लॅपर (एकमेकींवर आपटायच्या दोन फळ्या) किंवा शिट्टी वाजते आणि वेळ घेणारा शंभर मीटर लांब उभा असतो. आवाजाला तिथवर पोचायला सुमारे 0.29 सेकंद लागतात. त्याने आवाज ऐकून घड्याळ चालू केलं तर तेवढा वेळ मोजलाच गेला नाही. क्लॅपरच्या फळ्या मिटताना बघून बटण दाबलं, तरी हाताच्या घड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडून बघताना 0.24 मिळवायचे असतात. त्यात वारा. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत वारा मोजायचं यंत्रच नसतं. म्हणून घरी सांगितलेले '10.8' राज्य स्पर्धेत फोटो-फिनिशच्या इलेक्ट्रॉनिक घड्याळावर 11.3 निघतात.

पोराचं काहीही बिघडलेलं नसतं. पण घरी येताना तो खचलेला असतो, बाप गप्प असतो, आणि नेमका त्याच आठवड्यात जिममधला कोणी म्हणतो, "एक मारून बघ, अर्धा सेकंद येईल." जो अर्धा सेकंद कधी गेलाच नव्हता, तो परत आणायला इंजेक्शन घेतलं जातं.

वरच्या पातळीचं विचाराल तर, सगळेच घेतात असं मी म्हणत नाही. संशय घ्यायला मात्र भरपूर जागा आहे. कॅनडाचा बेन जॉन्सन 1988 मध्ये सोल ऑलिंपिकला शंभर मीटर 9.79 पळाला आणि तीन दिवसांत स्टॅनोझोलोल या स्टेरॉइडमुळे पदक गेलं. स्टेरॉइडने पाय आपोआप पळत नाहीत. दोन कठीण सरावांमधली झीज लवकर भरून निघते, त्यामुळे इतरांपेक्षा जास्त जड काम जास्त वेळा करता येतं. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्सने 2007 मध्ये कबुली दिली, ती मुख्यतः टीएचजी या स्टेरॉइडची. ते शोधायची चाचणीच 2003 पर्यंत नव्हती. वापरलेली सिरिंज डोपिंगविरोधी संस्थेच्या हाती आली तेव्हा प्रयोगशाळेला त्याची ओळख पटली. म्हणून 'चाचणीत कधी सापडला नाही' एवढ्याने कोणी स्वच्छ ठरत नाही. तसंच नुसती वेळ बघून कोणी दोषीही ठरत नाही.

मी एका वेळेपेक्षा आलेख बघतो, म्हणजे वर्षागणिक वेळ कशी बदलत गेली ते. अमेरिकेच्या फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर यांची 100 मीटरची सर्वोत्तम वेळ 1987 अखेर 10.96 होती. 1988 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, 10.49. त्या धावेला वाऱ्याच्या यंत्राने 0.0 दाखवलं, त्याच सुमारास शेजारी तिहेरी उडीला मात्र जोराचा वारा नोंदला गेला. ती धाव सोडून दिली तरी दुसऱ्या दिवशीचे 10.61 उरतातच. त्या कधीही चाचणीत सापडल्या नाहीत. आलेख प्रश्न विचारतो, निकाल देत नाही. बोल्टचा आलेख पंधराव्या वर्षापासून एकसारखा वर चढत गेलेला दिसतो, तरी 2008 च्या रिलेचं त्याचं सुवर्ण गेलं, कारण जपून ठेवलेला नमुना 2016 मध्ये पुन्हा तपासल्यावर सहकारी नेस्टा कार्टर सापडला. नमुने आता दहा वर्षं ठेवता येतात. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉनही ओळखता येतं: ते वनस्पतींपासून बनवतात, त्यामुळे त्यातल्या कार्बनच्या दोन प्रकारांचं प्रमाण शरीरात बनलेल्यापेक्षा वेगळं येतं.

आपल्याकडचं चित्र चांगलं नाही. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये भारतात 7113 नमुने तपासले आणि 260 पॉझिटिव्ह आले. जिममध्ये फिरणाऱ्या बाटल्यांत मेफेंटरमाइन असतं. ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी चढवायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. निरोगी पोराच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते, आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढीच्या वयात हाडांची टोकं लवकर बंद होतात आणि उंची खुंटते. मुलींचा आवाज जाड झाला तर तो परत पहिल्यासारखा होत नाही. पावडरच्या डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. जमैकाचा धावपटू असाफा पॉवेल 2013 मध्ये सापडला तो ऑक्सिलोफ्रिन या बंदी असलेल्या उत्तेजकामुळे, आणि त्याचं मूळ पूरक आहाराच्या डब्यात निघालं. 'मला माहीत नव्हतं' म्हटल्याने बंदी पूर्ण टळत नाही. त्याची कमी झाली, तरी सहा महिने भोगावीच लागली.

म्हणून पोरासाठी शंभर पानी वही करा. बऱ्याच फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला 240 चौकटी पडतात. 30 मीटर धावत येऊन पुढचे 20 मीटर, दोन टोकांना खुणेचे शंकू ठेवून, कडेने चित्रित करा आणि चौकटी मोजा. 480 चौकटी म्हणजे दोन सेकंद, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. दर पंधरा दिवसांनी तारीख, वारा पुढून की मागून, स्पाइक होते की साधे बूट, वजन, झोप, आणि त्या आठवड्यात घेतलेलं प्रत्येक औषध लिहा, अगदी सर्दीची गोळीसुद्धा, कारण काहींमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या दिवशी ते ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर चालत नाही. ती वही राज्य स्पर्धेला जाताना बॅगेत ठेवा.