७९६ सीसीचे इंजिन आणि त्याचे पाणी

आमच्या घरातील मारुती ८०० ही कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या भागाच्या, काळातील गाडी आहे. ६८.५ मिलिमीटर व्यासाचे तीन सिलिंडर आणि ७२ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे प्रत्येकी सुमारे २६५ सीसी. खाली सिलिंडर असलेला बिडाचा ब्लॉक, वर त्याला झाकणारे ॲल्युमिनियमचे हेड. तीन सिलिंडरमुळे क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, दर २४० अंश फिरल्यावर एकदा पेट्रोल पेटते, त्यामुळे आयडलिंगला जाणवणारी थरथर हा बिघाड नव्हे. ती अचानक वाढली आणि पिकअपही गेला, तर मात्र इंजिन मिसिंग करते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, असे समजून आधी प्लग आणि प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप पाहावी. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, कचरा अडकणे हे दुखणे किरकोळ आहे.

खरा धोका उष्णतेचा असतो, कारण ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि इंजिन फार तापले की हेड वाकते. काही वर्षांपूर्वी कोकणातून परतताना करूळ घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, तरी घाटमाथ्यावरचे गगनबावडा गाठूनच थांबू, असे मी ठरवले. दुसऱ्या दिवशी ऑइलचे झाकण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ चहाच्या रंगाचा फेस होता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मिस्त्रींनी हेड उतरवून त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे) पान अलगद आत गेले, म्हणजे हेड वाकले होते. हेडचे फेसिंग करून, म्हणजे त्याची बैठक घासून सपाट करून, हेड आणि ब्लॉकमधले नवे गॅसकेट बसवावे लागले.

रेडिएटरच्या पंख्याचा स्विच बंद पडला होता, हे कारण निघाले. शिवाय पूर्वी एका गॅरेजमध्ये 'आपल्याकडे याची गरज नाही' असे सांगून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला होता. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. थर्मोस्टॅट नसला की सकाळी इंजिन तापायला फार वेळ घेते, चोक (थंड इंजिनासाठी जास्त पेट्रोल देण्याची सोय) जास्त वेळ लागतो, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि ॲव्हरेज घटते; घाटातले तापणे मात्र त्याने थांबत नाही. तितकेच महत्त्व रेडिएटरच्या झाकणाला आहे, कारण ते आत दाब धरून पाण्याचा उत्कलनबिंदू ११० अंशांच्या पुढे नेते, आणि त्याची स्प्रिंग सैल पडली की पाणी लवकर उकळून बाहेर जाते.

आता मी नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरतो, इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच झाकण काढून पातळी पाहतो, आणि गाडी दारात उभी करून पंखा आपोआप लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय घाटाच्या वाटेला लागत नाही.